आधी चासी, मग केबिन: स्केल मॉडेल ट्रक बांधण्याची रीत

किटचा खोका उघडला की हात आपसूक केबिनकडे जातो. जाळी, बंपर, दरवाजे, सगळी नजरेत भरणारी मंडळी तिथेच असतात. मोटारीच्या मॉडेलमध्ये ही घाई खपून जाते, कारण मोटारीचं पोट कुणी बघत नाही. ट्रकचा सांगाडा, म्हणजे चासी, मात्र उघडाच असतो. डिझेलची टाकी, हवेच्या टाक्या, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), इंजिनाची ताकद मागे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट, ती चाकांना वाटणारी मागची डिफरन्शियल हे सगळं बाजूने बघितलं तरी दिसतं. केबिन ही त्यावर ठेवलेली टोपी. म्हणून मॉडेल बांधताना निम्म्याहून जास्त वेळ केबिनखालच्या भागाला द्यावा, असं माझं ठाम मत आहे, आणि हा लेखही त्याच मापाने लिहिला आहे.

प्रमाण आणि निवड

ट्रकच्या प्लास्टिक किटमध्ये दोन प्रमाणं जास्त चालतात. इटालेरी आणि रेव्हेलचे युरोपीय ट्रक (स्कॅनिया, व्होल्वो, मर्सिडीज) १/२४ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढे, तर एएमटीचे पीटरबिल्ट, केनवर्थसारखे अमेरिकन ट्रक १/२५ मध्ये. लष्करी ट्रक बहुधा १/३५ मध्ये मिळतात. १/२४ आणि १/२५ मध्ये फरक जेमतेम चार टक्क्यांचा आहे, त्यामुळे टायर किंवा आरसे इकडचे तिकडे लावले तरी डोळ्याला खुपत नाही. मोठ्या वस्तूत मात्र तो फरक उघडा पडतो. १३.६ मीटरचा ट्रेलर १/२४ मध्ये ५६७ मिमी होतो आणि १/२५ मध्ये ५४४ मिमी. एका प्रमाणाचा ट्रेलर दुसऱ्या प्रमाणाच्या ट्रकला जोडायचा विचार असेल तर आधी पट्टी लावून बघा.

पहिल्यांदा करत असाल तर दोन आसांचा, म्हणजे पुढे दोन आणि मागे चार चाकांचा ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) घ्या. तीन आसांचा ट्रक जास्त रुबाबदार दिसतो, पण दहाच्या दहा चाकं एकाच वेळी जमिनीला टेकवणं किती जिकिरीचं असतं ते पुढे कळेलच. ट्रेलर दुसऱ्या प्रकल्पासाठी ठेवा.

गोंदाला हात लावण्याआधी एक काम करा. तुम्ही बनवताय त्या ट्रकची छायाचित्रं गोळा करा, आणि शक्यतो एकाच गाडीची. पाच गाड्यांमधले आवडलेले तुकडे जोडले की गाडी कुठलीच राहत नाही. खालच्या भागाची छायाचित्रं कमी सापडतात. तिथे उपयोगी पडतात ती ट्रक कंपन्यांनी बॉडी बांधणाऱ्यांसाठी काढलेली रेखाचित्रं. चासीची रुंदी, आसांमधलं अंतर, टाक्यांच्या जागा असं सगळं त्यांत मापांसकट असतं. आणि गाडी कुठल्या दिवसाची दाखवायची तेही आत्ताच ठरवा: कारखान्यातून निघालेली, दोन वर्षं रस्त्यावर पळालेली, की खाणीत राबून जर्जर झालेली. रंग, गंज, धूळ या सगळ्यांचे निर्णय यावर अवलंबून असतात.

हत्यारं

थोडकीच लागतात. स्प्रू (सुटे भाग जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट) कापायची चपटी पक्कड, बदलत्या पात्याचा कटर, बारीक टोकाचा चिमटा, दोन कानशी, ३२० पासून २००० पर्यंतचे पॉलिश पेपर, बोटांनी फिरवायचं हातड्रिल आणि त्याची ०.५ ते १ मिमीची पाती. गोंद तीन प्रकारचे ठेवा. पातळ लिक्विड सिमेंट मुख्य जोडांसाठी. ते प्लास्टिकच वितळवून दोन भाग एकजीव करतं. धातू आणि रेझिनच्या तुकड्यांसाठी सुपर ग्लू. काचांसाठी पांढरा पाण्याचा गोंद. काचेजवळ सुपर ग्लू नेऊ नका. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी साय धरते. माझी एक पूर्ण झालेली केबिन अशीच आंधळी झाली होती.

हत्यारांच्या यादीत लोक मास्क विसरतात. रंग फवारताना आणि रेझिन घासताना तो लावाच, आणि खिडकी उघडी ठेवा.

चासी

सुटे भाग स्प्रूवर असतानाच कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुऊन वाळवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर राहिला तर रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. तुकडा कापताना पहिला काप तुकड्यापासून मिलिमीटरभर लांब घ्या आणि उरलेली गाठ दुसऱ्या कापाने काढा. एकदम चिकटून कापलं की प्लास्टिक आत ओढलं जातं आणि पांढरा खड्डा पडतो.

आता सपाट काचेचा एक जाड तुकडा घ्या, कडांना टेप लावा. चासीच्या दोन लांब रेल त्यावर उभ्या करा आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे क्रॉस मेंबर, गोंद न लावता बसवून बघा. रेलच्या आतल्या बाजूला साच्याच्या पिनांचे गोल ठसे असतात. सगळे बुजवत बसू नका. जे टाकीमागे किंवा इंजिनाआड जाणार आहेत ते सोडून द्या, उरलेल्यांवर पुट्टी भरा. मग क्रॉस मेंबर जागेवर धरून सांध्याला लिक्विड सिमेंटचा ब्रश नुसता टेकवा. गोंद फटीत आपोआप ओढला जातो.

गोंद ओला असतानाच दोन गोष्टी तपासा. गवंडी खोलीचा काटकोन बघायला दोन्ही कर्ण मोजतो, तसेच चासीचे कर्ण मोजा: पुढच्या डाव्या टोकापासून मागच्या उजव्या टोकापर्यंत, आणि उलट. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही दुरुस्त करा, कारण १/२४ मध्ये तो १२ मिमी होतो. दुसरं म्हणजे दोन्ही रेल पूर्ण लांबीभर काचेला टेकल्या आहेत का ते बघा. ज्या चासीची रेल मधे वाकलेली किंवा मागे चढवलेली असते, तिच्या सपाट भागापुरतंच हे बघायचं. काही उचललेलं दिसलं तर वर वजन ठेवून रात्रभर तशीच राहू द्या.

पाटे आणि आस बसवताना सावकाश सुकणारा गोंद वापरा. चाकं तात्पुरती बसवून ट्रक काचेवर उभा करा आणि प्रत्येक टायरखाली कागदाचा तुकडा सरकवून बघा. कागद सहज निसटला तर ते चाक हवेत आहे. गोंद मऊ आहे तोवर आस दाबून खाली आणा, चासीवर वजन ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. माझ्या पहिल्या दहाचाकीची मागची दोन चाकं अधांतरीच राहिली. मग त्यांच्याखाली प्लॅस्टरचा चिखल करून गाडी चिखलात रुतलेली दाखवली. बघणारे त्या चिखलाचंच कौतुक करतात.

आसांमधलं अंतर बदलायचं असेल तर ते आत्ताच. रेल सरळ आडवी कापून जोडली तर तिथेच मोडते. पायरीसारखा काप द्या, वाढवायच्या लांबीचा तुकडा मधे बसवा आणि रेलच्या पोकळीत आतून प्लास्टिकची सलग पट्टी चिकटवा. तेवढ्याच प्रमाणात प्रॉपेलर शाफ्टही लांबवावा लागतो. तो विसरला की शाफ्ट डिफरन्शियलपर्यंत पोचतच नाही, आणि हे लक्षात येतं ते चासी रंगवून झाल्यावर.

चासीला निखळ काळा रंग देऊ नका. छोट्या वस्तूवर तो सगळे बारकावे गिळतो. काळ्यात थोडा राखाडी मिसळला की बोल्ट, पाटे, कंस वेगवेगळे उठून दिसतात.

नळ्या आणि तारा

मॉडेल जिवंत करणारा भाग हाच, आणि किटमध्ये यातलं जवळजवळ काहीच नसतं. हिशेब सोपा आहे: खरं माप मिलिमीटरमध्ये घ्या आणि २४ ने किंवा २५ ने भागा. ब्रेकची १२ मिमी जाडीची हवेची नळी १/२४ मध्ये ०.५ मिमी होते. रेडिएटरची ६० मिमीची नळी २.५ मिमी. इंजेक्टरची ६ मिमीची लोखंडी नळी ०.२५ मिमी, म्हणजे फ्यूजच्या बारीक तारेएवढी. नवखा माणूस नेहमी जाड तार वापरतो आणि मग इंजिनावर दोरखंड पडल्यासारखे दिसतात. शंका असेल तर एक नंबर बारीक तार घ्या.

मोटारींचं मॉडेल करणारे ट्रककडे वळले की सवयीने इंजिनावर डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी लावतात. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतातच. जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनात इंधनाच्या पंपापासून प्रत्येक इंजेक्टरकडे एक अशा सहा धातूच्या नळ्या जातात. पण काही इंजिनांत इंजेक्टर झाकणाखाली असतात आणि बाहेरून अशी एकही नळी दिसत नाही. तुमचं इंजिन कुठल्या जातीचं ते छायाचित्रात बघा. टर्बोतून इंटरकूलरकडे जाणारा जाड पाइप, अल्टरनेटरची वायर, तेलाच्या फिल्टरवरचा वेगळा रंग एवढं केलं तरी इंजिन पुरेसं बोलकं होतं.

ब्रेकच्या बाबतीत एक बारकावा जाणकार हटकून तपासतात. पुढच्या आसावरच्या ब्रेक चेंबरला (हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डबीला) हवेची एकच नळी असते. मागच्या आसावर पार्किंग ब्रेकची स्प्रिंग असलेले लांबट, दुहेरी चेंबर असतात, आणि त्यांना दोन नळ्या जातात. चेंबरला ०.५ मिमीचं भोक पाडा, काळं आवरण असलेली बारीक वायर आत घाला, सुपर ग्लूचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब द्या. वायर रेलच्या कडेने नेऊन दर दोनेक सेंटिमीटरवर टेपच्या बारीक पट्टीने बांधा. खऱ्या गाडीत नळ्या लोंबत नाहीत, त्या क्लिपांनी बांधलेल्या असतात.

इथेच स्टिअरिंगचा विषय काढतो. बहुतेक किट डाव्या बाजूच्या स्टिअरिंगचे असतात. ते उजवीकडे न्यायचं तर लोक डॅशबोर्ड उलटा बनवतात, पेडल हलवतात आणि खूश होतात. चासीवरचा स्टिअरिंग बॉक्स आणि त्यातून चाकाकडे जाणारा दांडा मात्र जुन्याच बाजूला राहतो. वायपरची दिशाही बदलायची राहते. बॉनेट उघडं ठेवणार असाल तर ही चूक लपत नाही.

केबिनचा रंग

केबिनचे सगळे भाग आधी टेपने धरून चासीवर ठेवून बघा. रंग दिल्यावर जोड बसला नाही तर पुन्हा घासणं आलं. साच्याच्या रेषा ४०० आणि मग ६०० च्या पेपरने काढा, मग प्रायमरचे दोन पातळ थर. प्रायमर हा दोष दाखवणारा आरसा आहे. त्यात दिसलेला ओरखडा रंगाखाली जाऊन लपेल अशी आशा करू नका.

स्प्रेचा डबा कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवला की फवारा बारीक होतो. पाणी कोमटच हवं, गरम नको. डबा वस्तूपासून २० ते २५ सेंमीवर धरा. फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच थांबवा. पहिला थर धुक्यासारखा द्या, खालचं प्लास्टिक दिसलं तरी हरकत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा थोडा ओलसर. दोन रंगांची केबिन असेल तर फिका रंग आधी. टेप लावल्यावर तिच्या कडेवर खालच्याच रंगाचा एक पातळ थर मारा, मग वरचा रंग द्या. फटीत शिरायचा तो खालचाच रंग शिरतो आणि रेषा सुरीसारखी येते.

इनॅमल रंगावर लॅकर मारू नका, खालचा थर सुरकुततो. उलट चालतं. रंग सुकला का, हे बोटाने नाही तर नाकाने ओळखा. जवळ धरून वास येत असेल तर सुकलेला नाही.

डिकल (पाण्यात भिजवून लावायची चित्रं-अक्षरं) लावायचे ते चकचकीत पृष्ठभागावरच. खरखरीत रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. रिव्हेटवर किंवा खाचेवर डिकल बसवायचं तर डिकल बसवायच्या द्रावणांपैकी मायक्रो सेट खाली आणि मायक्रो सोल वर लावा. मायक्रो सोलने डिकल सुरकुतलं की घाबरून बोट लावू नका, सुकताना ते स्वतःहून बसतं. बोट लावलं तर फाटतं.

क्रोम

किटमधल्या क्रोमच्या तुकड्यांना दोन रोग असतात: चकाकी खेळण्यासारखी जास्त असते, आणि स्प्रूवरून कापल्यावर पांढरा व्रण उरतो. शिवाय क्रोमवर गोंद धरत नाही. जोडायची जागा पात्याने खरवडून खालचं प्लास्टिक उघडं करावंच लागतं.

दोन-चारच तुकडे असतील तर व्रणाला लिक्विड क्रोमच्या पेनाने ठिपका द्या आणि पुढे चला. बंपर, टाक्या, सायलेन्सरचे उभे पाइप असे मोठे भाग असतील आणि त्यांवर मधोमध सांधा असेल, तर क्रोम काढून टाकलेलं बरं. घरगुती ब्लीचमध्ये तुकडे बुडवून ठेवले की चकाकी काही वेळात उतरते. हातमोजे घाला आणि ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनियाचं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो. मग सांधा भरा, घासा, चकचकीत काळा रंग द्या, तो पूर्ण सुकू द्या आणि त्यावर एअरब्रशने ॲल्क्लॅडसारखा क्रोम रंग अगदी पातळ मारा. सगळी करामत खालच्या काळ्याची आहे. काळा आरशासारखा नसेल तर वरचा क्रोम फक्त राखाडी दिसतो. आणि त्याला बोट लावू नका, ठसा कायमचा राहतो. खिडक्यांच्या बारीक चौकटींना चिकट मेटल फॉइल चांगला. तो लावून लाकडी काडीने दाबून बसवा आणि नव्या पात्याने कडा कापा.

सगळंच क्रोम करू नका. खऱ्या ट्रकवर पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील आणि क्रोम या तिघांची चमक वेगवेगळी असते. टाकी थोडी मंद, बंपर लख्ख, पायऱ्या निस्तेज असं ठेवलं तर प्रत्येक धातू ओळखू येतो.

दिवे आणि काचा

हेडलाइटच्या काचेमागे बसवायची पिन असते आणि ती बाहेरून बुबुळासारखी दिसते. पिन कापून टाका, मागचं भोक बुजवून आत चंदेरी रंग द्या आणि काच पांढऱ्या गोंदाने बसवा. आरशांना फॉइल लावा.

चाकं

२२.५ इंची रिमवरच्या २९५/८० टायरचा व्यास सुमारे १०४४ मिमी असतो, म्हणजे १/२४ मध्ये ४३.५ मिमी. किटमधला टायर मोजून बघा. अशा रिमला बहुधा दहा नट असतात. तेही मोजा, जुन्या किटमध्ये कमी सापडतात. पुढच्या रिमचा फुगवटा बाहेर आणि मागच्या बाहेरच्या रिमची थाळी आत खोल गेलेली, हे उलटं बसवायची चूक सहज होते.

टायरच्या मधली साच्याची रेष ३२० च्या पेपरने घासून काढा. त्यातच झिजलेल्या रबराचा राखाडी रंग फुकट मिळतो. मऊ व्हिनाइलचे टायर असतील तर रिम रंगवल्याशिवाय बसवू नका. व्हिनाइलमधलं रसायन काही वर्षांत उघडं प्लास्टिक खातं.

धूळ, गंज आणि राबणूक

इथे ब्रश उचलण्याआधी विचार करायचा तो एवढाच की घाण कुठून आली आणि कुठे जाईल. चिखल चाकांमागे उडतो, म्हणून मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि टाकीच्या पुढच्या तोंडावर जास्त. डिझेल टाकीच्या झाकणातून ओघळतं, म्हणून तिथे चकचकीत गडद ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ. चालक रोज चढतो ती पायरी उजळ झिजलेली, दुसऱ्या बाजूची कमी. ट्रेलर टेकतो त्या फिफ्थ व्हीलवर काळं ग्रीस आणि मधूनमधून घासून चमकणारा धातू. धुराड्याच्या तोंडाला काजळी. एवढ्या सहा जागा नीट केल्या तर बाकीची गाडी स्वच्छ ठेवली तरी चालते.

गंजाच्या बाबतीत हात आखडता घ्या. पीटरबिल्ट, केनवर्थच्या केबिन ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांवर तांबूस ओघळ काढणं म्हणजे धातूशास्त्राचा अपमान. फायबरग्लासचं बॉनेट तर गंजूच शकत नाही, फार तर रंग उडून खालचं फिकट फायबर दिसेल. गंज शोभतो तो चासीवर, सायलेन्सरवर, पाट्यांवर आणि स्टीलच्या बॉडीवर.

क्रम असा ठेवा. वरच्या रंगावर ॲक्रिलिक किंवा लॅकरचा पारदर्शक थर द्या. तो सुकला की गडद तपकिरी इनॅमल खूप पातळ करून खाचांत सोडा आणि अर्ध्या तासाने व्हाइट स्पिरिटमध्ये भिजवून टिपलेल्या ब्रशने उरलेलं पुसा. पुसताना नेहमी वरून खाली, पावसाच्या दिशेने. मग स्पंजचा फाटका तुकडा गडद रंगात बुडवून, बहुतेक रंग कागदावर टिपून, कडांवर हलकेच टेकवा. टवके नेहमी कडांवर आणि हात-पाय लागतात तिथेच पडतात, दरवाजाच्या मधोमध नाही. शेवटी खालच्या भागावर मातीच्या रंगाची कोरडी पूड. तिच्या दोन छटा वापरा, जुनी वाळलेली धूळ फिकी आणि ताजी ओल गडद. मालवाहू बॉडीच्या फळ्या प्लास्टिकच्या असतील तर रंगाआधी करवतीच्या पात्याने लांबीच्या दिशेने ओरबाडा, लाकडाच्या रेषा उमटतात.

प्रत्येक टप्प्यानंतर मॉडेल हातभर लांब ठेवून बघा. नाकाजवळ धरून काम केलं की घाण नेहमी जास्त होते, आणि ती वाढवणं सोपं, उतरवणं फार अवघड.

शेवटची जोडणी

आरसे, वायपर, अँटेना, हॉर्न हे नाजूक भाग सगळ्यात शेवटी. केबिन चासीवर चिकटवू नका, नुसती बसवा. एवढं केलेलं इंजिन कुणाला दाखवायचं झालं तर उचलता आली पाहिजे.

ट्रेलर जोडणार असाल तर केबिनमागच्या गुंडाळलेल्या नळ्या उरतात. बारीक आवरणाची वायर २ मिमीच्या सळईवर घट्ट गुंडाळून ओढली की हुबेहूब स्प्रिंग होते. युरोपीय ट्रकला हवेची लाल आणि पिवळी, अमेरिकन ट्रकला लाल आणि निळी, शिवाय विजेची केबल वेगळी. दोन्ही टोकं चिकटवण्याआधी ट्रेलर फिफ्थ व्हीलवर ठेवा आणि डावीकडे-उजवीकडे काटकोनापर्यंत वळवून बघा. नळी ताणली गेली तर दोन वेढे वाढवा, चासीला घासली तर एक कमी करा, आणि मगच गोंदाचा थेंब टाका.